तेलाला वाट

९ एप्रिल, अंबड, नाशिक

दुपारी अडीचला सातपूरहून फोन. प्लेटिंगवाले शेठ. "ताई, तुमचा रेक्टिफायर परत बसला." आठवड्यातला हा तिसरा फोन. बारा वर्षांपूर्वी हेच यंत्र आमच्या शेडमधून टेम्पोत चढलं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. त्या दिवशी ते त्यांचं होतं. ट्रिप व्हायला लागलं की माझं होतं.

यंत्र तसं साधं. ४१५ व्होल्टची तीन फेजची वीज घ्यायची, ट्रान्सफॉर्मरने खाली आणायची, डायोडमधून सरळ करायची आणि १२ व्होल्टला २००० अॅम्पियर निकेलच्या टाकीला द्यायचे. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या या गावात काय काय त्या टाकीतून चकचकीत होऊन निघतं. प्लेटिंगच्या शेडमधली हवा मात्र वाईट. आम्लाच्या वाफा, क्रोमचे बारीक तुषार. पंख्यावर गार होणारं यंत्र तीच हवा पोटात ओढून घेतं आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचे बोर्ड हिरवे पडतात. म्हणून आम्ही ट्रान्सफॉर्मर, डायोड, चोक, सगळं एका लोखंडी टाकीत बसवतो आणि वरून ४०० लिटर ट्रान्सफॉर्मर ऑइल ओततो. या तेलातून वीज जात नाही, बाहेरची हवा आतल्या भागांना लागत नाही, आतली उष्णता बाहेर जाते. निदान जायला हवी.

उद्या जाते. आमच्या वाइंडिंगच्या काकांना सोबत नेते.

१० एप्रिल

सकाळी आठला वीज बंद असतानाच झाकणातून थर्मोकपल सोडले: एक तेलाच्या वरच्या थरात, एक तळाशी, एक डायोड बसवलेल्या तांब्याच्या पाटीला बांधून. मग स्टुलावर बसून दर अर्ध्या तासाला आकडे लिहिले. शेठना हे आवडलं नाही. त्यांना वाटतं, दुरुस्ती म्हणजे पाना फिरायला पाहिजे.

शेडमधली हवा सकाळी २७ अंश, दुपारी ४०. लोड १९०० ते २००० अॅम्पियर. अडीचला वरचं तेल ८५, तळाचं ५८, पाटी १०३. तेल ८५ला पोचलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. त्याने तोडली. म्हणजे थर्मोस्टॅट शहाणा, बाकी सगळं संशयित.

रात्री वहीत गणित मांडलं. डायोडवर साधारण १.१ व्होल्ट सांडतात. गुणिले २००० म्हणजे २२०० वॅट. ट्रान्सफॉर्मर आणि चोकमध्ये आणखी हजारभर. एकूण तीन किलोवॅटहून थोडं जास्त, म्हणजे तीन मोठ्या इस्त्र्या कायम तेलात चालू. (ब्रिज जोडणी केली असती तर वीज दोन-दोन डायोडमधून गेली असती आणि सांडणं दुप्पट झालं असतं. कमी व्होल्ट, जास्त अॅम्पियर असेल तिथे आम्ही ती टाळतो, ते याचसाठी.) ४०० लिटर तेलाला एक अंश चढवायला साधारण ६६० किलोज्यूल लागतात. बाहेर काहीच गेलं नाही, तर तेल तासाला १७ अंशांनी चढेल. लोखंड-तांबं धरून थोडं कमी. सकाळी आठ ते दुपारी अडीच, साडेसहा तास. टाकी बरंच बाहेर टाकते आहे, पण पुरेसं नाही.

गेल्या वर्षी याच लोडवर यंत्र चालत होतं. मग बिघडलं काय?

१४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. ऐरोलीहून भाचा आलाय. तो डेटा सेंटरमध्ये कूलिंग बघतो. तिकडे सध्या एकच विषय: सर्व्हर तेलात बुडवायचे.

"मावशी, नवीन तंत्र आहे," म्हणाला. मी त्याला मागच्या खोलीत नेऊन ४०० लिटरची रिकामी टाकी दाखवली. बिचारा हसला.

पण त्याच्या आकड्यांनी माझं हसू थांबलं. एनव्हिडियाची एच१०० ही चिप ७०० वॅटपर्यंत जाते आणि तिचं सिलिकॉन आठेक चौरस सेंटीमीटरचं. घरातली इस्त्री हजार वॅटची, तळ दोनशे चौरस सेंटीमीटरचा. म्हणजे चौरस सेंटीमीटरला पाच वॅट. चिपमधून सेंटीमीटरला ८० हून जास्त निघतात, आणि एवढं करून तिला कपड्यावरच्या इस्त्रीपेक्षा गार राहायचं असतं. पूर्वी अख्ख्या रॅकला पाच-दहा किलोवॅट लागायचे. आता एआयच्या रॅकला शंभराच्या वर लागतात. तेवढी उष्णता पंख्याने हलवायची म्हणजे वादळच सोडायला हवं.

जेवताना त्याने जुनी गोष्ट सांगितली. १९८५ साली सेमूर क्रे यांच्या क्रे-२ या महासंगणकाचे बोर्ड आख्खेच्या आख्खे फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवले होते. पाण्यासारखं स्वच्छ, वीज न वाहणारं, आणि भारी महाग. शेजारच्या पारदर्शक मनोऱ्यात ते धबधब्यासारखं पडताना दिसे. पुढे त्याच जातीच्या, कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवांवर टाक्या आल्या. नोव्हेक ७१०० हा त्यातला एक ६१ अंशांना उकळतो. चिपच्या पाठीवरून बुडबुडे सुटतात, वाफ वर जाते, थंड नळीला लागून पुन्हा थेंब होऊन खाली. पंप लागतच नाही.

"मग तेच वापरा की."

"ते बनवणाऱ्या थ्रीएमने २०२२च्या डिसेंबरात जाहीर केलं, २०२५च्या अखेरीपर्यंत सगळं बंद. या कुळातली रसायनं निसर्गात जवळपास मोडतच नाहीत. पाण्यात, रक्तात सापडायला लागली." म्हणून गाडी परत तेलावर आली आहे: खनिज तेल, कृत्रिम तेल, एस्टर. म्हणजे आमच्या टाकीवर.

बहिणीने मध्येच विचारलं, बुडबुडे काढून उष्णता जाते, तर जोरात उकळू दिलं की जास्त जाईल ना? भाच्याने तिच्याच तव्याचं उदाहरण दिलं. कोमट तव्यावर पाण्याचा थेंब सळसळून उडतो. तवा फारच तापला की तोच थेंब नाचत बसतो, कारण खाली वाफेचा थर येऊन तो तव्याला टेकतच नाही. चिपच्या पाठीवर असा थर बसला की क्षणात खेळ खलास. तो दूर ठेवायला पाठीवर सच्छिद्र, खरखरीत थर देतात, म्हणजे बुडबुडे लवकर आणि लहान सुटतात. बहीण म्हणाली, घावनाचा तवा गुळगुळीत हवा, यांचा खरखरीत.

१७ एप्रिल

शनिवार नसूनही शेठनी दिवसभर लाइन बंद ठेवली, त्याअर्थी प्रकरण त्यांच्याही जिवावर आलंय. चेनब्लॉक लावून गाभा टाकीबाहेर काढला. वास आला तो मी ओळखते: जळकट, आंबूस, जुन्या गोडेतेलाच्या जवळचा.

तेल चहाच्या रंगाचं. पाट्यांवर तपकिरी गाळाचा लेप, नखाने निघणारा. हा गाळ तेलच करतं. तापतं, हवेतला प्राणवायू खातं, आंबट होतं आणि साका टाकतं. लेप काही फार जाड नाही, पण तो उष्णतेचा स्वेटर आहे. दुसरं, वायरींवरचे पीव्हीसीचे स्लीव्ह काडीसारखे कडक. मऊ ठेवणारं द्रव्य तेलाने शोषून घेतलेलं. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी झाकणाला साधं रबर लावलं होतं, ते फुगून पावासारखं झालंय. तिथे नायट्राइल किंवा कॉर्कच हवं.

भाच्याला फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं: "अगं, आमच्या चाचणीच्या टाकीतही हेच! केबल ताठ झाल्या. आणि चिपवरची पेस्ट विरघळून तेलात गेली, आता इंडियमचा पत्रा लावतो." आणखी एक गंमत लिहिली. त्यांच्या टाकीतून बाहेर आलेल्या केबलच्या टोकाला, दोन मीटर लांब, तेलाचे थेंब दिसायला लागले. तारांच्या मधल्या फटींतून तेल वातीसारखं चढतं. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "समईला कोण शिकवायला गेलं होतं?"

तेलाचा नमुना टेस्ट किटमध्ये घातला. अडीच मिलिमीटर अंतरावर दोन गोळे, मध्ये तेल, आणि व्होल्ट चढवत न्यायचे. नव्या, न गाळलेल्या तेलाने ३० हजार व्होल्ट तरी सोसावेत. हे १९ हजाराला फुटलं. टाकीत शिरणारी हवा कोरडी करणाऱ्या ब्रीदरमधलं सिलिका जेल पूर्ण गुलाबी, म्हणजे पावसाळ्यापासून ओलावा आत गेलाय.

२० एप्रिल

दोन दिवस फिल्टर मशीन चाललं. तापवायचं, निर्वात करायचं, गाळायचं. नमुना आता ५२ हजाराला. पाट्या काकांनी स्वतः पुसल्या. पोराला हात लावू दिला नाही. स्लीव्ह बदलले, गॅस्केट बदललं, जेल नवं.

काकांचं वय ७१. वाइंडिंगला बसायच्या आधी बारा वर्षं ते निफाडकडे डीपी दुरुस्त करत होते. शेतकरी म्हणतो डीपी, महावितरणच्या कागदावर ते रोहित्र. हातात चिंधी घेऊन काका बोलत होते: "उन्हाळ्यात डीपी जळाली की सगळे म्हणतात, लोड वाढला. वाढतो, खरंय. पण मी उघडली की आधी तेलाची पातळी बघायचो. कुणी चोरून नेलेलं असायचं, कुठे गळतंय. टाकीत कॉइल बुडतील एवढं तेल असतं, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण पातळी रेडिएटरच्या वरच्या तोंडाच्या खाली गेली की संपलं. गरम तेलाला बाहेर जायला दारच नाही."

लिहून ठेवतेय, कारण यात सगळं आलं. बुडालेलं असणं आणि गार होणं या दोन गोष्टी आहेत.

२१ एप्रिल

शेठच्या खर्चाने पंप बसवला. वरचं तेल ओढून रेडिएटरमधून तळाशी सोडायचं. दुपारचे आकडे: हवा ४०, वरचं तेल ७२, तळाचं ६६. थर्मोस्टॅट गप्प. शेठ खूश, उसाचा रस मागवला.

मी तिसरा आकडा बघितला आणि रस गोड लागेना. पाटी ९७.

म्हणजे पंपाने वरचं आणि खालचं तेल ढवळून एक केलं. वरच्या थरातला थर्मोस्टॅट फसला. पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या डायोडच्या पाटीशी फारसं काही बदललं नाही. उलट पूर्वी पाटी आणि तिच्या आसपासचं तेल यांत वीसेक अंशांचं अंतर असेल, आता पंचविसाच्या वर गेलंय. पूर्वी निदान आजारी यंत्र ओरडायचं. आता मी त्याचं तोंड बांधलंय.

शेठना सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय ना? मग चालू द्या." मी म्हटलं, आठ दिवस द्या. इन्सुलेशनचं आयुष्य दर सहा-आठ अंशांना निम्मं होतं, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. व्याजाचं गणित त्यांना पटकन कळतं.

२३ एप्रिल

संध्याकाळी सोसायटीतले रेल्वेचे निवृत्त गृहस्थ भेटले. मी टाकीचं बोलायला लागले तर म्हणाले, "तुम्ही आज करताय, आम्ही थळ घाटात हे रोज चढताना बघितलंय." नव्वदच्या दशकात एबीबीकडून तंत्रज्ञान घेऊन आलेली सहा हजार अश्वशक्तीची इंजिनं, डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९. त्यांतला कन्व्हर्टर, म्हणजे जीटीओ थायरिस्टरांचा संच, तेलाने गार होत असे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे पंप वेगळे, कन्व्हर्टरच्या तेलाचे वेगळे, आणि दोन्ही तेलं मोठ्या ब्लोअरसमोरच्या रेडिएटरमधून फिरत. पुढे आयजीबीटी आले, तसे पाण्याने गार होणारे कन्व्हर्टर आले.

मी विचारलं, तेल नुसतं फिरायचं की डायोडवर सोडायचे? ते म्हणाले, "नुसतं फिरवायला काय, रंकाळा आहे का? नेमकं जिथे तापतं तिथूनच जायला पाहिजे."

घरी येऊन ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरची अक्षरं आठवली. रोज बघते. ओएनएएन: तेल आपोआप, हवा आपोआप. ओएफएएफ: तेल पंपाने, हवा पंख्याने. आणि ओडीएएफ: त्यातलं डी म्हणजे तेलाला दिशा दिलेली, थेट वाइंडिंगच्या आत ढकललेलं. एफ आणि डी या एका अक्षराच्या फरकासाठी मोठे ट्रान्सफॉर्मर बांधणारे एवढा जीव टाकतात, आणि मी २१ तारखेला 'एफ' बसवून रस प्यायला बसले.

२५ एप्रिल

शनिवार, शेड बंद. भाचा मुक्कामाला. रद्दीवाल्याकडून माशांची जुनी काचेची पेटी आणली. आत पाट्यांचा लाकडी नमुना, मापाने अर्धा. ट्रान्सफॉर्मर ऑइल भरलं, लहान पंप लावला आणि रंगाच्या दुकानातली चंदेरी पूड चिमूटभर सोडली. (खऱ्या टाकीत ही पूड कधीच नाही, अॅल्युमिनियम आहे.) दिवे बंद करून बाजूने बॅटरी मारली.

तेल दिसायला लागलं. आयुष्यभर मी ते ओतत आलेय. चालताना आज पहिल्यांदा बघितलं.

तळातून येणारी चंदेरी धार टाकीच्या भिंतीशी वळली, भिंतीकडेने सरळ वर गेली आणि पंपाच्या तोंडात शिरली. पाट्यांच्या मधल्या फटींत पूड जवळपास उभी. दोन ठिकाणी तर धार आडवी येऊन फटीतून सावकाश वर चढणाऱ्या तेलाचा रस्ता कापत होती. म्हणूनच पाटी निवेना: मी तिची आहे ती चिमणीही बंद केली होती.

भाच्याने कागदावर मांडलं. अशा सावकाश वाहण्यात फट निम्मी झाली की वाहणं आठव्या हिश्शावर येतं, घनाचा हिशेब. आमच्या पाट्यांत १२ मिलिमीटर, भिंत आणि पाट्यांत ९०. साडेसातपट रुंद. साडेसातचा घन चारशेच्या वर जातो. चारशे वाटसरूंना हमरस्ता मोकळा असताना बोळात कोण जाईल?

तो म्हणाला, सर्व्हरच्या टाकीतही हेच. लोक सर्व्हर जसाच्या तसा बुडवतात. हवेसाठी बनवलेले हीटसिंक, पात्या दाटीवाटीने. हवेला पंखा ढकलतो म्हणून ती शिरते. तेल पाण्यापेक्षा दहा-पंधरा पट दाट, ते वळसा घालून जातं. मग लोक महागडं द्रव घेतात, टाकी मोठी करतात, चिलर लावतात. आणि चिपच्या पात्यांत तेल उभंच.

तेवढ्याच आकारमानाचं तेल हवेच्या हजारपटीहून जास्त उष्णता उचलतं, हे आम्ही दोघं गिऱ्हाइकाला सांगत आलो. खरंच आहे. पण आधी त्याला उष्णतेच्या दारात नेऊन उभं करावं लागतं.

२९ एप्रिल

वीजरोधक हायलमच्या चार शीट कापल्या. भिंतीकडचा हमरस्ता बंद. पंपाचं गार तेल आता पाट्यांखालच्या बंद कप्प्यात येतं आणि वर जायला त्याला फटींशिवाय रस्ता नाही. काकांनी प्रत्येक फटीखाली भोकं सारखी न पाडता पंपाजवळ लहान, लांब टोकाला मोठी पाडली. "नळाच्या पहिल्या घराला पाणी जोरात येतं ना? त्याला तोटी बारीक." गणिताने माझाही हाच निष्कर्ष आला, अर्धा तास उशिरा.

शीट बसवताना एक गोष्ट पाळली. वर दोन बोटांची फट ठेवली. पंप बंद पडला तर तेलाने आपलं आपण चढावं. पंपावर पूर्ण विसंबलेलं यंत्र मी देत नाही.

२ मे

काल महाराष्ट्र दिनाची सुट्टी, आज आमचा शनिवार, तरी शेठची लाइन चालू. हवा ४०. वरचं तेल ७२, तळाचं ६६. पाटी ८२.

तेलाचे आकडे २१ तारखेचेच. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता तेवढीच, तेल तेवढंच तापलेलं. पण डायोड १५ अंशांनी उतरले. खर्च: हायलम, काकांचे दोन दिवस, आणि माशांची पेटी.

शेठना आकडा दाखवला. "पण तेल तर तेवढंच आहे," म्हणाले. मी म्हटलं, हो, फक्त आता ते कामावर जातंय.

६ मे

आज ४१. रेडिएटरसमोर दोन पंखे लावले, की तेलही उतरावं. तेल उतरलं: वर ६५. मी वही मिटली आणि निघाले, तेवढ्यात जिगवर माल लावणाऱ्या ताई म्हणाल्या, "मशीन गार झालं ताई. आता आम्ही तापतोय."

वळून बघितलं. पंख्यांची तोंडं त्यांच्या बाकाकडे. तीन किलोवॅटचा गरम झोत सरळ दोन बायकांच्या पाठीवर. त्यांनी पदर ओला करून मानेवर ठेवलेला. पूर्वी हीच उष्णता शेडभर सावकाश पसरायची; मी ती गोळा करून नेमकी त्यांच्या अंगावर सोडली.

माझ्या वहीत चार रकाने आहेत: पाटी, वरचं तेल, तळाचं तेल, हवा. 'हवा' या रकान्यात माणसं उभी असतात, हे मी बारा वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही. उष्णता संपवता येत नाही. डायोडने तेलाला दिली, तेलाने पत्र्याला, पत्र्याने वाऱ्याला, आणि वारा कुणाच्या तरी दिशेने वाहतो.

पंखे बंद करून आले. तेल पुन्हा ७२ होईल, होऊ दे. डायोड सोसतील.

९ मे

भाच्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, तिकडे ही चर्चा वेगळ्या भाषेत चालते. एकूण वीज भागिले संगणकांची वीज, तो आकडा एकाच्या जितका जवळ तितकी पाठ थोपटतात. पण टाकी कितीही चांगली असली, तरी गच्चीवरून निघणारा गरम वारा शेजारच्या वस्तीवर जातो का, हा रकाना त्यांच्याही तक्त्यात नाही. "आणि कूलिंग टॉवरचं पाणी?" मी विचारलं. तेल साठ अंशांपर्यंत चालवता आलं, तर मेमधल्या चाळिशीच्या हवेलाही कोरड्या रेडिएटरने उष्णता देता येते, पाणी उडवावं लागत नाही. तेलात बुडवण्याचा खरा फायदा तोच, असं तो म्हणाला. नाशिककराला हे लगेच पटावं. गंगापूर धरणाचा साठा आपण मेमध्ये रोज पेपरात बघतो.

१६ मे

रेडिएटर बाहेर काढला. उत्तरेची भिंत, वर पत्र्याची पडवी, समोर कंपाउंड, पलीकडे नाला, माणूस नाही. भिंतीतून दोन पाइप, खाली गळतीसाठी ट्रे, आणि रेडिएटरला आणखी सहा नळ्या. पश्चिमेची भिंत शेठना सोयीची होती, पण तिथे दुपारभर ऊन बडवतं. गार करायला ठेवलेली वस्तू आधी तापवायची कशाला?

शेठची नवी कल्पना: ही उष्णता धुण्याच्या गरम पाण्याला द्या, हीटरचं बिल वाचेल. दहा तासांत तीसेक युनिट होतात, कल्पना वाईट नाही. काका मात्र ठाम: "आम्लाच्या शेडमध्ये तेल आणि पाणी एका पत्र्याच्या अंतरावर ठेवायचं नाही. पत्रा एक दिवस जातोच." मध्ये दुहेरी भिंत घेऊन, गळती झाली तर आधी बाहेर दिसेल अशी रचना करता येईल. पुढच्या उन्हाळ्याचं काम म्हणून मागच्या पानावर नोंद केली.

दुपारी हवा ३९. वरचं तेल ६१, तळाचं ५६, पाटी ७२. पाचवा रकाना आखला: जिगच्या बाकापाशी. तिथे ३७, सहा तारखेला तिथे मी मोजलंच नव्हतं.

११ जून

काल रात्री पाऊस. सकाळी अंबडच्या रस्त्याला तेलाचे इंद्रधनुषी डाग आणि मातीचा वास.

सातपूरला सहज डोकावले. पंप चालू, रेडिएटरच्या वरच्या पत्र्यावर थेंब पडून उडत होते. जिगवाल्या ताईंनी न विचारता सांगितलं, "आज बाकापाशी एकतीस." मी ठेवून आलेला थर्मामीटर त्यांनी खिळ्याला टांगलाय आणि भिंतीवर खडूने रोजचा आकडा लिहितात. तारखा माझ्या वहीपेक्षा व्यवस्थित.

ब्रीदरमधलं जेल तळाशी गुलाबी व्हायला लागलंय. पहिल्याच पावसात. उद्या काढून आणायचं, जुन्या कढईत, स्वयंपाकाच्या नव्हे, भाजून निळं करायचं आणि परत भरायचं. काकांना आठवण करायची.